माणूस कोसळला की आधी आजाराचं नाव शोधू नका, श्वास बघा

प्रश्न विचारणाऱ्या भावाचं म्हणणं थोडक्यात असं. कोल्हापुरात त्यांच्या तालमीच्या टीमची फुटबॉल प्रॅक्टिस चालू होती, बघायला आलेले साठीचे एक काका धाडकन खाली पडले. एकानं तोंडात पाणी ओतलं, दुसऱ्यानं चप्पल नाकाला लावली, तिघांनी काखेत हात घालून बसतं केलं आणि रिक्षात घालून दवाखाना गाठला. काका वाचले, साखर कमी झाली होती म्हणे. आता गणपतीत मिरवणुकीला स्वयंसेवक म्हणून हीच पोरं असणार, म्हणून विचारलंय की हार्ट अटॅक, फिट, पॅरालिसिस, साखर हे जागेवर ओळखायचं कसं, एखादा चार्ट आहे का.

चार्ट आहेत, पण गर्दीत तो कुणी काढून वाचत नाही. मी बरीच वर्षं अँब्युलन्सवर डॉक्टर म्हणून काम केलंय, आता कारखान्यात आणि मंडळांत प्रथमोपचाराचं ट्रेनिंग घेतो, तर तिथं जे सांगतो तेच इथं लिहितो. जमिनीवर पडलेल्या माणसाला नक्की काय झालंय हे मला पण नुसतं बघून सांगता येत नाही, ग्लुकोमीटर लावला, ईसीजी काढला की अंदाज येतो, कधीकधी तेवढ्यानंही येत नाही. पण पहिल्या पाच मिनिटांत जे करायचं असतं ते ठरवायला आजाराचं नाव लागतच नाही. दोनच गोष्टी लागतात, हाकेला ओ देतोय का आणि नीट श्वास घेतोय का. तुमच्या पोरांचं चुकलं ते आजार ओळखण्यात नाही, या दोन गोष्टी न बघताच पाणी, चप्पल, रिक्षा सुरू झालं तिथं.

बघायचं कसं ते नीट सांगतो कारण इथंच गडबड होते. गुडघ्यावर बसा, दोन्ही खांदे जोरात हलवा, कानाजवळ मोठ्यानं "ओ काका, डोळे उघडा" म्हणा. काहीच हालचाल नाही तर शर्ट वर करा आणि छाती-पोट बघा, दहा सेकंद, मनात मोजत. नाडी बघत बसू नका. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटातले ठोके लागतात आणि तो "आहे आहे, चालू आहे" सांगून मोकळा होतो. तो "आहे" ऐकून बाकीचे सगळे निवांत उभे राहतात, हे मी लई वेळा बघितलंय.

आणि श्वास म्हणजे शांत, लागोपाठ चालणारा श्वास. एका कारखान्यात ऑपरेटर मशिनजवळ पडला होता, आम्ही पोचलो तर भोवती गर्दी, आणि सुपरवायझर सांगतोय, "डॉक्टर, बेशुद्ध आहे फक्त, घोरतोय की." तो घोरत नव्हता. जबडा खाली जायचा, मान मागं ताणली जायची, घशातून एक मोठा खर्र आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग परत एकदा तसंच. छाती मात्र हलत नव्हती. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं अशी ओढ लागते, तिला श्वास समजायचं नाही. आम्ही लगेच छाती दाबायला घेतली, शॉक दिला, पण तोवर मधली सगळी मिनिटं घोरण्याच्या समजुतीत गेली होती. हृदय बंद पडल्यावर काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होते, त्यामुळं शंका असली तरी श्वास बंद आहे असंच धरून चाला.

दुसरा फसवा प्रकार झटक्यांचा. हृदय थांबताना सुरुवातीला काही सेकंद हातपाय झटकतात, लोक म्हणतात फिट आली आणि किल्ल्या शोधायला लागतात. फुटबॉलवाल्यांनी हे खास लक्षात ठेवा. पळता पळता कुणाचा धक्का न लागता पोरगं पडलं, किंवा बॉल छातीवर जोरात बसला आणि लगेच कोसळलं, तर वय विशीतलं असलं तरी आधी हृदयाचाच विचार करायचा. झटके थांबले की परत श्वास बघायचा. नसेल तर छाती दाबा.

(छाती दाबण्याच्या या उपचाराला सीपीआर म्हणतात, पण आपल्याकडं कोल्हापुरात सीपीआर म्हणलं की टाऊन हॉलजवळचा त्याच नावाचा दवाखाना डोळ्यासमोर येतो, "सीपीआर द्या" ओरडलं तर कुणीतरी गाडी काढायला पळतो. म्हणून मी ट्रेनिंगमध्ये पण "छाती दाबा" असंच ओरडायला शिकवतो.)

छाती दाबायची ती कडक जमिनीवर, गादीवर नाही. छातीच्या मधोमध जे हाड आहे त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच, वर दुसरा हात, कोपर सरळ, आपले खांदे बरोबर हातांच्या वर. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. तालमीतल्या पोरांची गंमत अशी की ताकद भरपूर असते म्हणून दंडाच्या जोरावर दाबतात आणि मिनिटात फेस येतो. दंड नको, कमरेपासून वरचं वजन टाका. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, बदलताना खंड पडू देऊ नका. बरगडी कडकन वाजली तर घाबरून थांबायचं नाही, म्हाताऱ्या माणसांत तसं होतं, बरगडी नंतर जुळते. "हृदय चालू असताना चुकून दाबलं तर?" हा प्रश्न दर वेळी येतो. जागा असलेला माणूस तुमचा हात ढकलेल, ओरडेल, तेव्हा थांबा. त्यात होणारं नुकसान न दाबण्यापेक्षा कितीतरी कमी आहे.

तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा का, तर मोठा माणूस समोर अचानक कोसळलाय आणि तुम्हाला ट्रेनिंग नाही तर नको, नुसती छाती दाबा. इंडियन रिससिटेशन कौन्सिलनं सामान्य लोकांसाठी २०१७ मध्ये जी पद्धत मांडली, कॉल्स म्हणतात तिला, ती नुसती छाती दाबण्याचीच आहे. अपवाद बुडालेल्याचा. रंकाळा, पंचगंगेचा घाट, शेतातली विहीर, विसर्जनाला तर हे डोक्यात पाहिजेच. बुडालेल्याच्या रक्तातला ऑक्सिजन आधीच संपलेला असतो, म्हणून ज्याला येतं त्यानं आधी श्वास द्यायचे आणि मग ३० वेळा दाबून २ श्वास असं चालू ठेवायचं. लहान मुलांत पण श्वासाचं महत्त्व जास्त. पोट दाबून पाणी काढणं, पाय धरून उलटं धरणं, खांद्यावर टाकून गोल फिरवणं हे अजून चालतं, त्यानं वेळ जातो आणि पोटातलं पाणी फुफ्फुसात जातं.

आता रिक्षा. श्वास बंद असेल तर रिक्षात घालू नका. मागच्या सीटवर गुडघे मुडपून पडलेल्या माणसाची छाती कोण कशी दाबणार? जागेवरच दाबत राहा, १०८ येऊ दे, फोन स्पीकरवर ठेवा. पण हे परिस्थितीवर आहे हे मान्य. शिवाजी पेठेत आणि गगनबावड्याच्या वाडीत एकच नियम चालत नाही. अँब्युलन्स लवकर येणारच नाही असं १०८ वाल्यांनीच सांगितलं तर मागं सपाट झोपवता येईल अशी गाडी बघा, दोन माणसं मागं चढवा, कारमध्ये कोंबू नका. याउलट माणूस शुद्धीत आहे, छातीत दुखतंय, आणि दवाखाना दहा मिनिटांवर आहे तर अर्धा तास अँब्युलन्सची वाट बघत बसण्यातही अर्थ नाही, असेल ती गाडी काढा, फक्त त्यालाच बाईक चालवत जाऊ देऊ नका. हसू नका, जातात लोक.

इथपर्यंत श्वास नसलेल्याचं झालं. तुमच्या काकांचा प्रकार दुसरा, ओ देत नाही पण श्वास नीट चालू आहे. पडताना मानेला मार लागल्याचा संशय नसेल तर अशा माणसाला कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा पुढं दुमडून, तोंड जरा खाली झुकलेलं, म्हणजे उलटी किंवा लाळ बाहेर येते. बसतं करायचं नाही. आणि तोंडात काहीही घालायचं नाही, पाणी नाही, साखर नाही, चमचा नाही, तीर्थ-अंगारा पण नाही. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, जे घालाल ते श्वासनलिकेत. तुमच्या काकांना ओतलेलं पाणी फुफ्फुसात गेलं नाही हे नशीब.

फिटचं पण हेच. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, आजूबाजूचे दगड-खुर्च्या बाजूला करा, हातपाय दाबून धरू नका आणि घड्याळ बघा. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते, तेवढ्यात कुणीतरी चप्पल हुंगवलेली असते म्हणून श्रेय चपलेला जातं. पाच मिनिटं झाली तरी थांबत नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, किंवा गरोदर बाई आहे, किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आलीय, तर १०८. दातात चमचा घालणाऱ्याला मात्र आधी बाजूला करा, मी तुटलेले दात घशातून काढलेत.

साखर कमी झालेल्याला ओळखणं मिरवणुकीत खरंच अवघड आहे. दरदरून गार घाम, हात थरथर, बडबड, चिडचिड, तोल जातोय, आणि मिरवणुकीत असा माणूस दिसला की लोक काय म्हणतात तुम्हाला माहिती आहे. "टाकून आलाय" म्हणून कडेला भिंतीला टेकवून ठेवतात. म्हणून माझा नियम, वास येत असो वा नसो, घरच्यांना विचारा नाहीतर खिसा बघा की डायबेटिस आहे का, गोळ्या-इन्सुलिन चालू आहे का, जेवलाय का. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली असेल, किंवा ग्लुकोमीटरच नाही पण शुद्धीत आहे, स्वतः गिळतोय, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून द्या किंवा ग्लुकोजची पावडर. गूळ आपल्या कोल्हापूरचा म्हणून कितीही अभिमान असला तरी तो चावत बसावा लागतो, साखरेचं पाणी बरं. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळं साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी परत बघा, कमीच असेल तर परत द्या, बरं वाटलं की जेवू घाला. साखर आधीच जास्त असली आणि तुम्ही एकदा दिली तर फारसं बिघडत नाही, कमी असताना नाही दिली तर बिघडतं. एक गोष्ट घरच्यांना आवर्जून सांगा: ग्लिमेपिराइडसारख्या डायबेटिसच्या गोळ्यांवर असलेल्या माणसाची साखर काही तासांनी परत घसरू शकते, विशेषतः किडनीचा त्रास असेल तर, त्यामुळं "आता बरं वाटतंय" म्हणून घरी नेऊन झोपवू नका, दाखवून या.

पॅरालिसिसला हसायला सांगा, दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. तोंड एका बाजूला, एक हात खाली येतोय, जीभ अडखळतेय, यातलं एक जरी अचानक आलं असेल तरी निघायचं. इथं तुमच्या हातात उपचार काही नाही, फक्त वेळ आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो, म्हणून सीटी असलेल्या ठिकाणीच न्या, फोन करून विचारून न्या. शेवटचं नीट कधी बघितलं होतं ती वेळ हातावर पेननं लिहा, डॉक्टर पहिलं तेच विचारणार. बीपीची गोळी नाही, ॲस्पिरिन नाही (रक्तस्त्रावाचा स्ट्रोक असू शकतो), चहा नाही. आणि अमुक गावात पाल्याचं औषध देतात तिकडं गाडी वळवू नका, साडेचार तास तिथंच संपतात.

छातीत दुखण्याबद्दल सगळ्यांना माहिती असतं तरी उशीर होतो, कारण "गॅस झालाय". छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम, मळमळ, आणि पंधरा-वीस मिनिटांत जात नाही, तर सोडा-ईनो बाजूला ठेवा. बायकांत आणि डायबेटिसवाल्यांत नुसता दम लागतो, छातीत दुखतच नाही असं पण होतं. अर्धवट टेकून बसवा, जिना चढायला-उतरायला लावू नका. शुद्धीत असेल, ॲलर्जी नाही, अल्सर किंवा रक्तस्त्राव नाही, पॅरालिसिसची लक्षणं नाहीत, तर ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅमच्या आसपास चावून खायला द्या, १०८ वर बोलतानाच विचारून घ्या. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र कुणाच्याही पाकिटातली काढून देऊ नका, बीपी आधीच कमी असेल तर ते एकदम पडतं, आणि वायग्रासारखी गोळी घेतली असेल तर जास्तच, ती घेतलीय हे चारचौघांत कुणी सांगत नाही. ज्याला त्याच्या डॉक्टरनं दिलीय त्यानं त्यांनी सांगितल्याप्रमाणं घ्यावी.

उन्हाचं गणपतीत एवढं नाही, पण जोतिबाच्या चैत्र यात्रेला तुमच्यातलेच बरेच जण सासनकाठी घेऊन असतात म्हणून सांगतो. अंग तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलायला लागलाय, कुठं आहे कळत नाही, म्हणजे उष्माघात, मग घाम येत असला तरी. "घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही" हे श्रम करणाऱ्या माणसाला लागू नाही. सावलीत घ्या, फेटा-शर्ट काढा, अंगावर पाणी ओता आणि टॉवेलनं जोरात वारा घाला, बर्फ मिळाला तर मान, काख, जांघेत. गार करायला इथंच सुरुवात करा, अँब्युलन्स येईपर्यंत चालू ठेवा. पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. नुसती उभं राहून चक्कर आली असेल तर वेगळं, तो माणूस आडवा केला, पाय वर उचलले की मिनिटभरात डोळे उघडतो.

सापाचं दोन ओळीत. ऊसपट्ट्यात राहून हे माहिती नसणं बरं नाही. वर दोरी आवळून बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, अंगठ्या-कडी काढा, हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर करा, चालवू नका आणि सरळ सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच लस चालते त्यामुळं साप मारून पिशवीत आणायची गरज नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात म्हणाला तर खूण नसली तरी मण्यार डोक्यात ठेवा. कीटकनाशक प्यालेल्याला मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, बाटली बरोबर आणा, कपड्यावर सांडलं असेल तर कपडे काढून अंग धुवा, हातमोजे घालून.

केस होईल, पोलीस बसवून ठेवतील ही भीती अजून आहे, हायवेवर तर जास्तच. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं संरक्षण आहे, कलम १३४ अ. नाव सांगायची सक्ती नाही, दवाखान्यात थांबवून ठेवता येत नाही. फक्त अपघातात हेल्मेट ओढून काढायची घाई करू नका, श्वास चालू असेल तर मान आहे तशी धरून ठेवा, रक्त येत असेल तिथं कापड ठेवून जोरात दाबा आणि सारखं उचलून बघू नका.

आता मिरवणुकीचं. कोण काय करणार हे आधी ठरवा, तिथं ठरवायला गेलात की चाळीसजण सूचना देतात आणि काम कुणीच करत नाही. एकजण पेशंटजवळ, एकजण फक्त फोनवर, दोघं गर्दी हटवायला, एकजण कोपऱ्यावर अँब्युलन्स आणायला. "कुणीतरी फोन करा" असं नाही, नाव घेऊन "तू कर, आणि लागला की मला येऊन सांग". १०८ ला सांगताना आधी ठिकाण, महाद्वार रोड एवढं पुरत नाही, कुठल्या चौकाजवळ, कुठल्या बाजूनं गाडी आत येईल ते सांगा, मग बेशुद्ध आहे का, श्वास आहे का. फोन त्यांनी ठेवू द्या, तुम्ही ठेवू नका. आणि साउंड बंद करायचा अधिकार कुणाकडं आहे हे आधीच ठरलेलं असू दे, कारण त्या आवाजात श्वास तर सोडाच, शेजारच्याचं ओरडणं पण ऐकू येत नाही. मंडळाच्या बॅगेत हातमोजे, कात्री, स्वच्छ कापड-बँडेज, ग्लुकोज पावडर, ग्लुकोमीटर (पट्ट्यांची एक्स्पायरी बघा), टॉर्च. बास.

सराव मात्र करा, वाचून हात चालत नाहीत. ट्रेनिंग देणाऱ्यांकडं पुतळा असतो, तो मिळाला तर उत्तम, नाहीतर सतरंजीवर घट्ट भरलेली उशी ठेवून दोन-दोन मिनिटांच्या पाळ्या लावा, एकजण घड्याळ घेऊन मोजेल. फक्त हौसेनं एकमेकांच्या छातीवर सराव करू नका.